शनिवारची ऊब

"आई, तू नंतर ये," असं क्रिस्टा म्हणाली तेव्हा माझ्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरलेला, सालीची एक लांब पट्टी सिंकवर लोंबत होती, आणि ती तुटू नये म्हणून मी सुरी थांबवली होती, एवढंच मला नीट आठवतं. "मेमध्ये बाळंतपणाला नको गं. बाळ झाल्यावर, सहाएक आठवड्यांनी ये. तोवर आमची जरा घडी बसेल." बाळंतपणासाठी त्यांनी म्हणे एक बाई ठरवली आहे. शिकलेली, प्रमाणपत्रवाली. कळा सुरू झाल्या की येते, पाठ चोळते, श्वास मोजते, धीर देते. पैसे देऊन आणलेली आई, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "बरं," म्हटलं, "तुमच्या सोयीनं." मग ती बराच वेळ कॅल्गरीच्या थंडीबद्दल बोलत राहिली, जशी काही थंडी मला माहीतच नाही. फोन ठेवल्यावर मी साल एकसलग काढून पुरी केली, आणि पुढचा बटाटा घेतला, आणि त्याच्या पुढचा. एकट्या माणसाला दोन पुरतात. त्या दिवशी मी सगळी पिशवी सोलली.

कारण तिनं सांगितलं नाही, पण मला ते ठाऊक होतं. नाताळात मी तिच्याकडे गेले होते. नाताळच्या सकाळी आम्हा फिनिश लोकांकडे तांदळाची खीर व्हावीच लागते, म्हणून मी ती मंद आचेवर चढवली आणि खिडकीशी बसून कुंपणावरच्या काळ्यापांढऱ्या पक्ष्यांकडे बघत राहिले. किती वेळ, देव जाणे. धुराचा भोंगा कोकलायला लागला तेव्हा डेव्हिन, म्हणजे जावई, रात्रीच्या कपड्यांतच खुर्चीवर उभा राहून टॉवेलनं वारा घालत होता, आणि क्रिस्टा पातेल्याकडे बघत होती. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. "होतं असं कधीकधी," डेव्हिन म्हणाला. संध्याकाळी क्रिस्टानं अगदी हळू विचारलं, "आई, घरी पण होतं का गं असं?" मी म्हटलं, "घरी मला खिडकीतून बघण्यासारखं काही नाही." ती हसली नाही. तीन वेळा पोटात राहून गेलेलं, आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी हे चौथं. तिला हसू कुठून येणार? तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मला लागलं. विमानात बसल्यावर, घरी आल्यावर, गेलेल्या नवऱ्याच्या, एर्कीच्या, रिकाम्या खुर्चीवर कोट टाकताना, परत परत लागत राहिलं. माझ्या हाती बाळ द्यायचं की नाही हे त्या जळक्या पातेल्यानं ठरवून टाकलं होतं.

मांजर आणलं ते या लागण्यापायी. दुकानाच्या फळ्यावर भटक्या प्राण्यांच्या संस्थेची चिठ्ठी होती, गाभण मांजरीला दोन-तीन महिने घरी ठेवून घेणारं कुणी हवंय म्हणून. डेनीज नावाची बाई मार्चअखेर तिला पिंजऱ्यातून घेऊन आली. चाळिशीची, ढगळ बूट, बोलणं चुलीवरच्या लाह्यांसारखं. "रितवाबाई, आधी कधी केलंय का हे?" तिनं विचारलं. "मी गोठ्यात वाढले," मी म्हटलं. "गायी, मेंढ्या, कुत्री, सगळं बघितलंय." "झालं तर मग! तुम्हीच मला शिकवा." तिनं कागदावर छापलेली यादी दिली, ती मी फ्रिजवर लावली. शांत खोली. खोकं, त्याला पुढून उंबरा ठेवून कापलेलं तोंड. वर्तमानपत्रं, जुने मऊ कपडे. अर्ध्या खोक्याखाली गरम गादी, मंदावर. स्वयंपाकघरातला काटा, पिल्लं रोज तोलायला. आणि शेवटी जाड अक्षरात, शेवटचे काही दिवस आईला घरात कोंडलेलीच ठेवा, कुठे आहे ते सतत माहीत असू द्या. "पिल्लं आठ आठवड्यांची झाली की आम्ही त्यांना घरं शोधतो," डेनीज म्हणाली, "आणि हिलाही. तोवर सगळी तुमची." डॉक्टरकडच्या फोटोत पाच होती. तिनं तो मला फोनवर दाखवला. पाच छोट्या कवट्या आणि मण्यांच्या माळांसारखे कणे, एकमेकांत गुंतलेले. मी तो फोटो क्रिस्टाला पाठवला. तिनं उलट एक हसरा चेहरा पाठवला, आणि खाली, "आई, झेपेल ना तुला?"

झेपवून दाखवायचं होतं, खोटं कशाला बोलू. पाचच्या पाच जिवंत, धडधाकट, काट्यावर रोज दहा ग्रॅमनं वाढणारी. त्यांचे आकडे मी वहीत लिहिणार होते आणि वहीच्या पानाचा फोटो कॅल्गरीला पाठवणार होते. बघ म्हणावं. मांजरीचं कागदावरचं नाव काहीतरी ऑलिव्ह होतं, मी तिला मिर्री म्हणायला लागले. राखाडी, एकच पाय नारिंगी, कुणी दुसऱ्या मांजराचा उसना आणून लावल्यासारखा. पहिले चार दिवस ती कपाटामागून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी लोकर विणत बसले होते तर आली आणि मांडीवर न बसता मांडीला फक्त टेकली. मी हात हळूच तिच्या पोटावर ठेवला. आत काहीतरी सरकलं. मग दुसऱ्या बाजूला. मी विणायचं थांबवलं, श्वाससुद्धा थांबवला असावा. क्रिस्टा पोटात असताना एर्की असाच हात ठेवून बसायचा, गिरणीतून आलेला, बोटांना लाकडाच्या चिकाचा वास. एवढ्या वर्षांत माझ्या तळहाताखाली असं काही हललं नव्हतं. मला रडू आलं, आणि मांजरीपुढे कसली लाज म्हणून मी रडून घेतलं.

खोकं मी क्रिस्टाच्या खोलीत मांडलं. टीव्हीचं मोठं खोकं, त्यात एर्कीचे फ्लॅनेलचे शर्ट, जे सहा वर्षं मी कुणाला देऊ शकले नव्हते आणि आता बिनदिक्कत कात्रीनं कापले. मिर्रीनं आत जाऊन ते हुंगले, दोनदा गोल फिरली आणि बाहेर आली. दुसऱ्या दिवशी पण तसंच. मी तिला उचलून आत ठेवायची, ती पाहुण्यासारखी दोन मिनिटं बसायची आणि निघायची. "काय वाईट आहे गं यात?" मी तिला विचारायची. "खिडकी आहे, ऊब आहे, पडदा आहे." दिवसभर मी तिच्या मागे आणि ती माझ्या पुढे. स्वयंपाकघरात, जिन्यात, खाली तळघरात धुलाईच्या यंत्रामागे. ती वर्तमानपत्रं नखांनी उकरायची, मी यादीत खूण करायची. कधीकधी ती थांबून माझ्याकडे असं बघायची की मला माझीच आई आठवायची, कारण बाळंत होणारीच्या असं मागे मागे राहणं मी तिचंच बघितलं होतं.

आई माझ्या बाळंतपणाला आली होती. शेतावरून बसनं, मांडीवर पिशवी घेऊन, तिच्यात वेलदोड्याचा पाव आणि लोकरीचे मोजे. तिचा इस्पितळावर विश्वास नव्हता. तिची सगळी मुलं सॉनात झाली होती, मी सुद्धा. आमच्या शेतावर सॉना म्हणजे अंगणाच्या कडेची लाकडी खोली, घरातली सगळ्यांत स्वच्छ आणि सगळ्यांत उबदार जागा. शनिवारी सगळ्यांनी तिथे अंग शेकायचं, आजाऱ्याला तिथे न्यायचं, मेलेल्याला तिथे आंघोळ घालायची आणि बाईनं तिथेच बाळंत व्हायचं. आदल्या दिवशी तापवलेली आणि मग निवत आणलेली, म्हणजे चुलीवरच्या दगडांत फक्त ऊब उरते. आई सांगायची, "तू खालच्या बाकावर झालीस, आणि रडली नाहीस, जांभई दिलीस." त्र्याऐंशी साली ही गोष्ट मला चारचौघांत लाजिरवाणी वाटायची. कळा वाढल्यावर नर्सनं विचारलं, "आईंना आत बोलावू का?" दार उघडं होतं. आई व्हरांड्यात खुर्चीच्या कडेवर बसलेली मला दिसत होती, तिलाही मी दिसत असणार. मी म्हटलं, "नको, बाहेरच बसू दे." अकरा तास ती बसली. मग बाळाला काचेतून बघून शेवटच्या बसनं परत गेली, गायींची धार काढायची होती म्हणाली. मोजे नर्सजवळ ठेवून गेली. इतक्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नाही, एर्कीलाही नाही, आणि या एप्रिलमध्ये मांजरीमागे जिना उतरता उतरता ते सारखं समोर यायला लागलं.

ज्या दिवशी झालं तो शनिवार होता. सकाळी मिर्रीनं खाल्लं नाही. यादीत लिहिलं होतं, चोवीस तासांत. मी तिच्यासाठी मऊ मासा उकडला, तो तिनं हुंगला नाही. मी क्रिस्टाला कळवलं, "आज होणार." मग अकराची कॉफी घेतली, पावाचा एक तुकडा खाल्ला, खाली धुतलेले कपडे वाळत घालून वर आले, आणि मिर्री नाही. क्रिस्टाच्या खोलीत नाही, खोक्यात नाही, कपाटामागे नाही. पलंगाखाली झोपून बघितलं, उठताना गुडघा धरला. तळघरात उतरून यंत्रामागे, लोणच्यांच्या फळीमागे, एर्कीच्या हत्यारांच्या पेटीत सुद्धा बघितलं. हाका मारल्या. मग मागचं दार दिसलं. सकाळी कचरा टाकून आल्यावर मी ते नीट ओढलं होतं का? आठवेना. मी दाराची कडी घालते आहे असं डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला तर कधी कडी घातलेली दिसायची, कधी नुसतं दार. पातेलं, माझ्या मनात आलं. पुन्हा पातेलं.

मी कोट चढवला आणि बाहेर पडले. गल्लीत जुना बर्फ काळा पडला होता, मधून पाणी वाहत होतं. गाड्यांखाली वाकून बघितलं, पायऱ्यांखाली, प्रत्येक शेडमागे. माशाची बशी हातात घेऊन मी आमच्या चौकापासून टेकडीपर्यंत गेले आणि परत आले, तळ्याकडून येणारा वारा तोंडावर घेत. एका खिडकीतून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं आणि मला कळलं की मी कशी दिसते आहे. बशी घेऊन मिर्री मिर्री करत फिरणारी म्हातारी. क्रिस्टाला काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवायला लागले होते. डेनीजला काय सांगायचं ते नंतर, आधी क्रिस्टाला. ती काही बोलणार नाही, याचीच मला भीती होती. दीड वाजला, अडीच वाजले, तीन वाजून गेले. बोटं बधिर झाली तरी मी परत परत त्याच शेडमागे बघत होते.

गल्लीतला ओलावी त्याच्या दारातला बर्फ फोडत होता. ऐंशीचा आहे, गिरणीत एर्कीबरोबर होता, अजून पहार उचलतो. "काय गं रितवा, कुणाला जेवायला बोलावतेस?"

"मांजर गेलं. गाभण आहे."

"जाईल कुठं? यायची वेळ झाली की येईल." त्यानं पहार टेकली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तू अशी गारठत काय फिरतेस? आज शनिवार आहे ना? सॉनात असायला हवं तुला यावेळी."

त्यानं आणखी काहीतरी म्हटलं, मला ते ऐकू आलं नाही. माझा उजवा हात मला दिसत होता. अकराच्या कॉफीनंतरचा, ओल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेतलेल्या माझा हात. तळघरातल्या सॉनाचं दार आठवडाभर हवेसाठी किलकिलं असतं. दर शनिवारी कॉफीनंतर मी ते कमरेनं ढकलून लावते आणि शेजारचं बटण चारच्या आकड्यापर्यंत फिरवते. चार तासांनी विजेची भट्टी आपोआप पेटते. एर्कीनं ते बसवलं त्या वर्षापासून, त्याच्या आधी लाकडं घालून, त्याच्या आधी शेतावर, एकही शनिवार चुकला नाही. एर्की गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही. शेजारची रौनी यायची टॉवेल घेऊन, ती गेल्या हिवाळ्यात वृद्धांच्या घरी गेली, तरी नाही. तळघर मी पायाखाली घातलं होतं, प्रत्येक फळी हलवून बघितली होती, आणि ते दार उघडायचं मला सुचलं नव्हतं, कारण ते बंद होतं आणि शनिवारी ते बंदच असतं. मी काही विसरले नव्हते. मला सगळं नेहमीसारखं आठवलं होतं.

मी धावले. बर्फावर माणूस माझ्या वयात धावत नाही, पण मी धावले, एकदा पडले, बशी तिथेच राहिली. बटण आधी शून्यावर आणलं आणि दार ओढलं. गरम हवा तोंडावर आली, तीच, दर शनिवारची, लाकडाच्या वासाची, जिच्यात शिरताना माझे खांदे आपोआप खाली येतात. यावेळी ते वरच राहिले. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा साठाच्या जवळ होता. भट्टीचे दगड तडतडत होते. मी जमिनीवर पालथी झोपले. तिथे खाली, सिमेंटला गाल लावल्यावर, हवा एवढी वाईट नव्हती. खालच्या बाकाखाली अगदी कोपऱ्यात, पाण्याच्या लाकडी बादलीमागे, बाकावरून खेचून नेलेल्या माझ्या तागाच्या कपड्यावर मिर्री पडली होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, कुशी भात्यासारखी चाललेली. तिच्या पोटाशी ओली, हलणारी, आंधळी चार. मी हात पुढे केला तर ती फिस्कारली. कधी नव्हे ते तिनं मला दात दाखवले. मी हात मागे घेतला. बादलीतलं पाणी जमिनीवर ओतलं, दगडांवर एक थेंबही नाही, वाफ झाली असती, दार सताड उघडलं, टॉवेलनं हवा हलवत राहिले. डेव्हिनसारखीच, हे मला तेव्हाही सुचलं. हळूहळू तिचं तोंड मिटलं. मी वाटीत आणून ठेवलेलं पाणी ती प्यायली. आणि मग, मी बघत असताना, पाचवं झालं. तिनं ते चाटलं, पलटलं, पुन्हा चाटलं, आणि मग तोंड फिरवून उरलेल्या चौघांकडे वळली.

ते मी घेतलं. यावेळी तिनं घेऊ दिलं. यादीत लिहिल्याप्रमाणे नाक पुसलं, डोकं खाली धरून टॉवेलनं चोळत राहिले. तांबूस, माझ्या तळहाताएवढं, एक पाय नारिंगी होणार होता बहुतेक. भिंतीवरचा काटा चाळिसावर आला, तिसावर आला, मी चोळत होते. शेवटी हातातली ऊब त्याची आहे की माझी हे कळेना आणि मी थांबले. त्यानं रडायची गरज नव्हती, एक जांभई दिली असती तरी चाललं असतं.

रविवारी डेनीज आली. चौघांना काट्यावर घातलं, मिर्रीचं पोट चाचपलं. "झकास! आणि जागा बघा कुठली शोधली बाईसाहेबांनी." तिनं सॉनात मान घालून इकडेतिकडे बघितलं. मी पाचव्याचं सांगितलं. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "पाचात एखादं जातंच हो. पोटातच गेलेलं असतं कितीदा. यात तुमचा काडीचा दोष नाही." मी तोंड उघडलं. बटण तिच्या खांद्यामागे भिंतीवर होतं, शून्यावर. "कॉफी घेणार?" मी विचारलं. पोटातच गेलं असेल. असेलही. हे मला आता कधीच कळणार नाही, आणि जिला कळलं असेल ती सांगणार नाही. डेनीज गेल्यावर मी पक्कड आणून ते बटण उपटलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. जमीन अजून गोठलेली आहे, म्हणून पाचवं एर्कीच्या शर्टात गुंडाळून शेडमधल्या थंड कोपऱ्यात ठेवलं आहे. मे लागला की खणता येईल.

संध्याकाळी क्रिस्टाचा फोन आला. "आई! सांग ना! सगळी नीट?"

"चार आहेत," मी म्हटलं. "चारही नीट. पहिलं वजन शंभरच्या वर." फोटोतल्या कवट्या तिनं मोजल्या नसाव्यात.

"आणि तू एकटीनं केलंस सगळं?"

"तिनंच केलं. मी नुसती होते."

फोनवर क्रिस्टाच्या पाठीमागे नळाचं पाणी वाहत होतं, मग कुणीतरी ते बंद केलं. "आई, ऐक ना," ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम लहान झाला, शाळेतून आल्यावर व्हायचा तसा. "मला भीती वाटते गं. ती बाई चांगली आहे, पण... डेव्हिनशी बोलले मी. तू ये. नंतर नको, आधीच ये. माझ्याजवळ, आत, खोलीत ये."

हे ऐकायला मी फेब्रुवारीतल्या त्या फोनपासून जगत होते. व्हरांड्यातली ती खुर्ची, तिच्या कडेवर बसलेली बाई, आणि आतून येणारा आवाज, आत ये म्हणणारा. माझ्या तोंडात हो होतं. भाजी चिरायच्या फळीवर वही उघडी होती, तिच्यात चार आकडे, पाचव्या ओळीत काही नाही. ती माझ्याकडे जे मागत होती ते तिनं या चार आकड्यांवरून ठरवलं होतं. खरं सांगितलं तर ती येऊ नकोस म्हणेल, आणि इतकं हळू म्हणेल की मला दुखू नये. आणि न सांगता गेले तर तिच्या बाळाला घेताना माझा उजवा हात माझ्याबरोबर येणार होता.

"पिल्लांना आठ आठवडे सोडता येत नाही गं," मी म्हटलं. "लिहूनच दिलंय मी. जूनमध्ये येईन."

"आई, मी मांजराबद्दल बोलत नाहीये."

"कळतंय मला."

"रागावलीस का माझ्यावर? मी नंतर म्हटलं म्हणून?"

"नाही, सोन्या. तू बरोबरच म्हटलं होतंस." मी भराभर बोलत राहिले. "त्या बाईला सांग, पाठ खालून वर चोळायची. आणि मोजे घाल. पाय गार पडतात तेव्हा. मी पाठवते विणून." तिनं हो म्हटलं. मग आम्ही थंडीबद्दल बोललो.

मिर्री सॉनातच आहे. मी तिला पिल्लांसकट वर क्रिस्टाच्या खोलीत नेलं होतं, संध्याकाळपर्यंत तिनं एकेकाला मानेला धरून परत खाली आणलं, चार खेपा. मी पुन्हा नेलं नाही. गरम गादी आता बाकाखाली आहे, मंदावर, आणि मी समोर स्टूल टाकून मोजे विणते. आज शनिवार. सकाळी चौघांना तोललं, चौघं वाढली आहेत. अकराला कॉफी घेतली, पावाचा तुकडा खाल्ला, कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन खाली गेले. पिल्लं दूध पीत होती, मिर्री डोळे मिटून पडली होती, हे सगळं मी दारातून बघितलं. आणि बघता बघता माझा उजवा हात वर गेला, भिंतीवर, बटण होतं त्या जागी, आणि तिथली उघडी दांडी चिमटीत धरून फिरवायला लागला.

दांडी गुळगुळीत होती. बोटं नुसती घसरली.